कच्चा कैदी आणि चार कचेऱ्या



आम्ही पडलो शाळामास्तर, वकिलीची सनद आमच्याजवळ नाही. परंतु जी गोष्ट गरिबाच्या घरादाराशी भिडते, ती चारचौघांत बोलणे आमचे कर्तव्य आहे.

ज्याचा गुन्हा अजून शाबीत व्हावयाचा आहे, त्या बंदिवानास आपण कच्चा कैदी म्हणतो. सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ सालाअखेर देशात ५,७३,२२० बंदिवान होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांत तीन! ज्याच्याजवळ वकिलाला पैसा व जामिनाला माणूस, तो लवकर सुटतो. मजुराची, कुणब्याची, लोहाराची मात्र पेरणी चुकते, भाता विझतो, पोरे शाळा सोडतात.

असे का व्हावे? कायदा नाही म्हणून? मुळीच नव्हे. सुताराने चाक घडविले, पण लोहाराने धाव चढविली नाही, तर गाडी चालेल काय? खटला उभा राहण्यापूर्वीचे कामही असेच चार कचेऱ्यांत वाटलेले आहे. पोलिस तपास करितात, सरकारी वकील सरकारची बाजू मांडतो, न्यायाधीश कोठडी की जामीन हे ठरवितो, तुरुंगाधिकारी माणूस सांभाळतो. एकीचा कागद दुसरीकडे वेळेवर गेला नाही, की गरिबाच्या आयुष्यातले दिवस फुकट जातात. फिर्यादीचेही यात नुकसानच. कारण दिरंगाईने साक्षीदार पांगतात आणि खरा गुन्हेगार निसटतो.

१९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांची दशा सर्वोच्च न्यायालयापुढे आली. गुन्हा शाबीत होऊन जी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ कित्येक जण नुसती खटल्याची वाट पाहत होते. खटला लवकर चालणे हा मूलभूत हक्क होय, असे न्यायालयाने तेव्हा बजाविले.

आज या कचेऱ्यांस एकत्र बसविण्याची तजवीज आहे. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलिस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक व विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती जिल्ह्यातील कच्च्या कैद्यांची प्रकरणे तपासते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधी दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा, इतरांनी निम्मा काळ काढला, की तुरुंग अधीक्षकानेच सुटकेसाठी न्यायालयास अर्ज करावयाचा आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे व एकाहून अधिक खटले असलेले यांतून वगळले आहेत. जामिनाचा हुकूम त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात पोहोचावा, आणि सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, असेही सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी फर्माविले आहे.

पण बांधवहो, मागणाराच नसेल तर हुकूम दप्तरातच राहतो! म्हणून तीन गोष्टी ध्यानात धरा. अटकेची तारीख घरी लिहून ठेवा. साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप वा दहा किंवा अधिक वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, आरोपपत्र गेले नाही, तर जामीन द्यावयास तयार असलेल्याची सुटका हा त्याचा हक्क आहे. आणि कैदेतल्या माणसास वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर १५१०० या क्रमांकावर विचारा.

कचेऱ्या आपसांत बोलत नसतील, तर त्यांस बोलावयास लावणे आपले काम होय. त्यासाठी घरात एक तरी लिहिणारा, वाचणारा आणि न भिता विचारणारा हवा. मुलास शाळेत धाडा, मुलीसही धाडा.