'दावा फेटाळला' म्हणजे नक्की काय झालं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी बोला." मी वकील नाही, कॉमर्सचा साधा पदवीधर आहे. पण बँकेतली बरीच वर्षं वसुली विभागात गेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्हाला ती चढण्याचाच पगार मिळत होता! तिथे एक गोष्ट पक्की कळली. लोक निकालातला 'फेटाळला' एवढाच शब्द ऐकून घरी येतात. कशासाठी फेटाळला, हे विचारत नाहीत. आणि पुन्हा दावा करता येईल की नाही, हे बहुतेक वेळा त्या 'कशासाठी'वरच ठरतं.

मूळ तत्त्व सोपं आहे. दोन्ही बाजू ऐकून, पुरावा तपासून कोर्टाने वाद निकाली काढला की त्याच पक्षकारांना तोच वाद पुन्हा उकरता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ११. हे इंग्रजांनी आणलेलं खूळ आहे असं समजू नका. आपल्या मिताक्षरेतही प्रतिवादीने द्यायच्या उत्तराचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'प्राङ्न्याय' आहेच. म्हणजे, "याचा निवाडा आधीच झालाय, महाराज!"

असा निकाल चुकीचा वाटला तर मार्ग अपिलाचा. जिल्हा न्यायालयात त्याला मुदत ३० दिवसांची. नवा दावा हा मार्ग नाही. आणि जो मुद्दा पहिल्या दाव्यात मांडता आला असता आणि मांडायलाच हवा होता, तोही मांडून झाला असंच कायदा धरतो. "तो मुद्दा राखून ठेवला होता" हे चालत नाही.

आता दावा गुणदोषांवर न जाता इतर कारणांनी संपतो तेव्हाचं पाहू. इथेच माणसं फसतात.

तारखेला वादी आणि प्रतिवादी दोघेही गैरहजर राहिले आणि दावा काढून टाकला, तर मुदत शिल्लक असल्यास नवा दावा करता येतो. पण प्रतिवादी हजर आणि वादीच गैरहजर असेल, तर त्याच कारणावर नवा दावा करता येत नाही. ३० दिवसांत अर्ज करून, गैरहजेरीचं सबळ कारण दाखवून जुना दावाच पुन्हा उभा करून घ्यावा लागतो.

आमच्या शाखेचे एक खातेदार होते, छोटे दुकानदार. ओळखीच्या माणसाला दोन लाख रुपये उसने दिले होते. पैसे येईनात म्हणून दावा लावला. एका तारखेला ते गावी लग्नाला गेले, समोरचा मात्र हजर होता. दावा निघाला. कुणीतरी सांगितलं, "काळजी नको, पुन्हा टाकू." त्या 'पुन्हा टाकू'त दीड वर्ष गेलं. पैसे दिले नव्हते असं कोर्टाने कधीच म्हटलं नाही. तरी दार बंद झालं ते झालंच. बायकोच्या दागिन्यांवर काढलेलं कर्ज मात्र आमच्याकडे तसंच चालू होतं.

वादपत्रच नामंजूर होणं ही वेगळी गोष्ट. कोर्ट फी कमी भरली, सांगूनही पुरी केली नाही, तर वादपत्र नामंजूर होतं. पण दोष दूर करून नवं वादपत्र दाखल करता येतं. मुदतीचा काटा मात्र थांबलेला नसतो.

दावा स्वतःहून मागे घेताना तर फारच जपा. नवा दावा करण्याची कोर्टाची परवानगी घेतली नाही, तर तोच दावा पुन्हा करता येत नाही. परवानगी घेतली तरी मुदत मोजताना पहिला दावा झालाच नव्हता असं धरतात.

आणि मागणी तुकड्यांत करू नका. संहितेतच उदाहरण आहे. वर्षाला १२०० रुपये भाड्याचं घर. १९०५, १९०६ आणि १९०७ अशा तिन्ही वर्षांचं भाडं थकलं. मालकाने १९०८ साली फक्त १९०६ च्या भाड्याचा दावा केला. बाकी दोन वर्षांच्या भाड्यावर त्याला पाणी सोडावं लागलं! म्हणून आम्ही मुद्दल आणि व्याज एकाच दाव्यात मागत असू.

नुसतं 'फेटाळली' यावर जाऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयानेही १९६१ साली दर्याव विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालात सांगितलं. उच्च न्यायालयाने रिट याचिका गुणदोषांवर फेटाळली असेल तर त्याच मागणीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका घेऊन येता येत नाही. पण केवळ उशीर झाला म्हणून फेटाळली असेल तर तो अडसर राहत नाही.

आपल्या सोसायटीला याचं काय? सभासद आणि संस्था यांच्यातले बरेच वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा नको, हे तत्त्व तिथेही लागतं. शिवाय निकाल फक्त भांडणाऱ्या दोघांनाच बांधतो असं नाही. त्यांच्याकडून हक्क घेणाऱ्यालाही बांधतो. मूळ मालक टेरेसच्या हक्काचा दावा हरला असेल, तर त्याच्याकडून फ्लॅट घेणारा "मी नवीन आहे" म्हणून तो वाद पुन्हा काढू शकत नाही. म्हणून फ्लॅट घेताना "केस चालू आहे का?" एवढंच विचारू नका. "केस झाली होती का, आणि ती कशी संपली?" हेही विचारा.

कमिटीला माझी एकच विनंती. प्रत्येक निकालाची सही-शिक्क्याची नक्कल ऑफिसच्या फाइलमध्ये ठेवा. कमिट्या बदलतात, वकील बदलतात, कागद बोलत राहतो. आणि निकाल लागला त्याच आठवड्यात वकिलाला तीन प्रश्न विचारा: कशासाठी फेटाळला? आता अपील, अर्ज की नवा दावा? आणि किती दिवसांत?

पंचवीस वर्षांत आपण बहुतेक भांडणं जिन्यातच मिटवली. पुढेही तसंच होवो. पण कधी कोर्टात जावंच लागलं, तर निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचल्याशिवाय घरी येऊ नका.