विम्याचा कागद आणि सात-बारा

(आहुपे, ता. आंबेगाव येथील बैठकीतील भाषण)



आपल्यातले बरेच जण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून येथे आले आहेत. घोडेगाव सोडल्यावर डिंभे धरणाच्या पाण्याकडेने वर येणारा घाटरस्ता सर्वांनी पाहिला. जीपमध्ये दाटीवाटीने बसून आपण आलो. म्हणून आज भावाचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आम्ही गाडीच्या विम्याबद्दल बोलणार आहोत.

विम्याचा कागद आपण काढतो तो पोलिसाला दाखवायला. विमा नसेल तर पहिल्या वेळी २ हजार, पुढच्या वेळी ४ हजार दंड. पण दंडाचे काय घेऊन बसलात? अपघाताची भरपाई मालकाने भरली नाही, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे कलेक्टर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतो. म्हणजे गोष्ट थेट सात-बाऱ्यावर येते. वसुली कशी असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कायद्याने सक्ती आहे ती फक्त 'थर्ड पार्टी' विम्याची. त्याचा हप्ता सरकार ठरवते. सगळ्या कंपन्यांकडे तो सारखाच. आपल्या गाडीखाली रस्त्यावरचा माणूस गेला, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी देते. आपल्या गाडीचे नुकसान झाले तर मात्र एक पैसा मिळत नाही. याच तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले. दरड, पूर, आग, चोरी यांसाठी पूर्ण विमा लागतो, एजंट ज्याला 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणतात तो. गाडी कर्जावर असेल तर तोच घ्या. जुनी जीप असेल तर तिची आजची किंमत आणि जादा हप्ता यांचा हिशेब करून ठरवा.

पण आपली खरी फसगत होते ती गाडीत बसलेल्या माणसांबाबत.

पिकअप घ्या. ती मालवाहू गाडी. कापसाबरोबर कापसाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस बसला, तर १९९४ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण आहे. पण वाटेत 'चल, बस मागे' म्हणून घेतलेल्या पाहुण्यांची जबाबदारी कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. त्यांची भरपाई मालकाच्या अंगावर. आणि गाडीतला कापूस पेटला, तर गाडीचा विमा कापसाचे पैसे देत नाही. मालाचा विमा वेगळा.

ट्रॅक्टरचे तेच. ट्रॉलीची नोंद पॉलिसीत वेगळी लागते. वेचणीच्या बाया ट्रॉलीत बसवून नेतो, तेव्हा त्यांची जोखीम कोणीच घेतलेली नसते. मजुरांसाठी जादा हप्ता भरून काय मिळते ते लेखी विचारा. शेतीकामाचा विमा काढून भाड्याने वाळू-विटा ओढल्या, किंवा घरच्या जीपमध्ये भाड्याची माणसे भरली, की कंपनीला हात वर करायला कारण मिळते.

आणखी एक. मालक स्वतः गाडी चालवताना गेला, तर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे. पण त्याच्याकडे परवाना हवा. आपल्याकडे गाडी बापाच्या नावावर आणि चालवतो पोरगा. त्या पोराला हा विमा लागू नाही. त्याचा वेगळा काढा.

परवान्याबाबत मात्र एक दिलासा आहे. हलक्या मोटारीच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, असे घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. तेवढ्या कारणाने कोणी क्लेम नाकारला, तर गप्प बसू नका.

सोसायटीचा कागद न वाचता अंगठा दिल्याची किंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजली. हाही कागद तसाच न वाचता पेटीत ठेवू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपली पॉलिसी घेऊन यावे. गाडीत रोज बसणाऱ्या एकेका माणसाचे नाव घेऊन आपण विचारू : याला काही झाले, तर पैसे कंपनी देणार की आपले शेत?