नऊ गजांची कबर



नागपूर स्टेशनवर उतरलेला माणूस टेकडीच्या गणपतीला हात जोडतो आणि शहरात शिरतो. त्याच टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण किल्ल्यात कबरी आहेत, हे अनेक नागपूरकरांनाही ठाऊक नसतं. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. लोकांसाठी त्याचा दरवाजा वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो.

लहानपणी दादी त्या टेकडीकडे बोट दाखवून सांगायची, "वहाँ नौ गज के बाबा सोए हैं." आमचं घर विणकरांचं. अब्बा हातमागावर नऊवारी लुगडी विणायचे. वार म्हणजेच गज. त्यामुळे नऊ गज म्हणजे किती लांब, हे मला चांगलं कळत होतं. लुगड्याएवढे उंच बाबा! रात्री त्यांना अंथरूण कसं पुरत असेल, याची मला काळजी वाटायची.

पुढे एका १५ ऑगस्टला मी मुलीला घेऊन किल्ल्यात गेलो. तिथे इंग्रज सैनिकांच्या कबरी आहेत, १८१७च्या लढाईत पडलेल्यांच्या. अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची ही लढाई २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पेटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. भोसल्यांच्या बाजूनं अरब जिवावर उदार होऊन लढले. इंग्रजांच्या बाजूनं लढणारे बहुतेक शिपाई होते मद्रासी पलटणीतले. कुठले अरब, कुठले मद्रासी. रक्त सांडलं ते आमच्या नागपूरच्या मातीवर.

मग आम्ही त्या लांब कबरीपाशी आलो. चादर, फुलं, उदबत्तीचा वास. मुलीनं विचारलं, "अब्बा, माणूस एवढा उंच असतो का?" शेजारी फातिहा पढून उठलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "बेटी, इथे एक जण नाही. नऊ जण आहेत."

त्यांनी सांगितलेली हकीकत या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. टिपू सुलतानचे नातू म्हणवले जाणारे नवाब कादर अली आणि त्यांचे आठ साथीदार यांना १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी याच किल्ल्याच्या तटावर फाशी दिली. नऊ जणांची मिळून ही एक कबर.

घरी येऊन मी नागपूरचा इतिहास पुन्हा उघडला. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं होतं. १३ जून १८५७च्या रात्री टाकळीच्या घोडदळानं उठावाचा बेत केला. शहरातून आकाशात पेटते फुगे सोडायचे, ही खूण ठरली. पायदळाला फितवायला गेलेला दिलदार खान पकडला गेला आणि बेत फसला. त्याच्यासह इनायतुल्ला खान, विलायत खान यांना फाशी झाली. ही नावं मी त्या दिवशी मोठ्यानं वाचली. आमच्या घरात ती कधी उच्चारली गेली नव्हती.

कुणी या कबरीला नौगज म्हणतं, कुणी नौगाझी. गाझी म्हणजे लढवय्या. लिहिताना फरक थोडासाच. पण गज म्हटलं की लांबी उरते आणि गाझी म्हटलं की माणसं. उत्तर हिंदुस्थानात नौगजा पिरांच्या अशा लांब कबरी ठिकठिकाणी आहेत. लोक त्यांना नवस बोलतात. दादीची श्रद्धा भाबडी होती, असं मी तरुणपणी म्हणायचो. आज म्हणत नाही. फाशी गेलेल्यांची आठवण उघडपणे काढणं ज्या काळात धोक्याचं होतं, त्या काळात चादर चढवणाऱ्या हातांनी निदान ती जागा तरी राखली. नावं मात्र श्रद्धेला राखता आली नाहीत. लोकांच्या तोंडी नवाबाचं नाव उरलं, बाकीचे आठ जण आकडा होऊन राहिले.

परतताना मुलीनं विचारलं, "आणि दादाजानची कबर कुठे आहे?"

मी गप्प झालो. अब्बा गेले तेव्हा मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझी कबर कच्चीच ठेवा, असं त्यांनी बजावलं होतं. भाऊ म्हणाला, निदान एक दगड लावू. मीच नको म्हणालो. मातीचा उंचवटा दोन पावसाळ्यांत बसला. खुणेचा लिंब पुढे तोडला गेला. आता शब-ए-बारातला मी कबरस्तानात जातो आणि अंदाजानं एका जागी उभा राहतो. अब्बांचा शब्द पाळला, याचं समाधान आहे. पण मुलीला बोट दाखवून 'इथे' म्हणता आलं नाही, ही टोचणी जात नाही.

त्या रात्री मी एक वही काढली. पहिल्या पानावर अब्बांचं नाव लिहिलं, त्यांच्या वडिलांचं लिहिलं. खाली लिहिलं: लुगडी विणायचे, काठ फार सुंदर काढायचे. दादीचं नाव लिहायला बसलो आणि थबकलो. सगळे तिला दादीच म्हणत. शेवटी थोरल्या फूफींना फोन करून विचारलं.

तुमच्या घरीही अशी एखादी आजी असेल. तिचं नाव आज विचारून घ्या. दगड लावा, न लावा. नाव लिहून ठेवा.