लोखंडी पुलाची निगा



लोखंडी पूल उभा राहिला म्हणजे काळजी मिटली, असे पुष्कळांस वाटते. आम्ही स्कॉटलंडातील टे नदीचा दाखला देतो. तो पूल १८७८ साली आगगाडीस खुला झाला. २८ डिसेंबर १८७९ रोजी वादळात त्याचा मधला भाग गाडीसकट नदीत कोसळला. गाडीतील एकही जीव वाचला नाही.

चौकशीत मुख्य ठपका इंजिनियर सर टॉमस बाउच यांजवर आला. वाऱ्याच्या जोराचा हिशेब त्यांनी धरला नव्हता. ओतीव खांबांतील पोकळ्या मेण, राळ व काजळीने बुजविल्या होत्या. देखरेखीस नेमलेला मनुष्य गवंडीकामातला. लोखंडाची विद्या त्यास कोणी दिलीच नव्हती. ताणपट्ट्या खडखडू लागल्या, तेव्हा त्याने पाचरी ठोकल्या. आवाज थांबला, दुखणे राहिले!

चाकाची धाव सैल झाली तर आपला लोहार चिंधी कोंबतो काय? तो ती काढून, कापून, तापवून पुन्हा चढवितो.

शेजारचा १८८७ चा पूल आजही चालू आहे. गंज खरवडून, रंग देऊन, रिव्हिटे बदलून तो राखला आहे. म्हणून आम्ही म्हणतो, ज्याच्या हाती हातोडा द्याल, त्याच्या डोक्यात त्या कामाची विद्याही घाला.