होडीच्या यंत्राची हिंवाळी निगा

अमेरिकेच्या उत्तर भागांत विस्कॉन्सिन नांवाचें राज्य आहे. तेथें लहानमोठीं हजारों सरोवरें आहेत. उन्हाळ्याच्या दिवसांत त्यांवर होड्यांची वर्दळ असते. कोणी मासे धरावयास निघतो, कोणी नुसता फिरावयास. पुढें थंडी पडते आणि तेंच पाणी घट्ट होतें. मॅडिसन शहरालगतच्या मेंडोटा सरोवरावर बर्फ केव्हां धरला व केव्हां सुटला ह्याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवलेली आहे. बहुधा डिसेंबरच्या उत्तरार्धांत तो धरतो आणि मार्चअखेर किंवा एप्रिलांत सुटतो. तेवढा काळ होडी काठावर पालथी पडून असते आणि तिचें यंत्र पडवींत किंवा मोटरखान्यांत ठेवलेलें असतें. वसंतांत तें पुन्हां नीट चालेल कीं नाहीं, हें वसंतांत ठरत नाहीं. तें ठेवून देण्याच्या दिवशींच ठरून गेलेलें असतें.

होडीच्या मागल्या फळीला बाहेरून अडकवावयाच्या ह्या यंत्रास आउटबोर्ड मोटर म्हणतात. कॅमेरॉन वॉटरमन ह्या अमेरिकन गृहस्थानें १९०७ सालीं अशा यंत्राचें पेटंट मिळविलें होतें. तथापि त्याचा खरा प्रसार केला ओल एव्हिनरूड ह्यानें. १८७७ सालीं नॉर्वेंत जन्मलेला हा कारागीर लहानपणींच विस्कॉन्सिनांत आला. एका सहलींत आपल्या भावी पत्नीकरितां आइसक्रीम आणावयास तो सरोवर वल्हवून पलीकडे गेला, आणि परत येईतों तें वितळून गेलें. तेव्हांच ही कल्पना त्याच्या मनांत आली, अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, १९०९ सालीं मिल्वॉकी येथें त्यानें विक्रीस काढलेलें यंत्र दीड अश्वशक्तीचें व ६२ पौंड वजनाचें होतें. त्याच्या नांवाच्या यंत्रांचें उत्पादन २०२० सालीं थांबलें. परंतु यंत्र थंड ठेवण्याची जी रीत त्या काळीं रूढ झाली, ती मुळांत आजही तीच आहे.

ती रीत समजून घेतल्यावांचून हिंवाळी निगा समजावयाची नाहीं. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा फार तर चौथा किंवा तिसरा हिस्सा पंखा फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची कांहीं धुराबरोबर निघून जाते, तर कांहीं सिलिंडरच्या भिंतींत शिरते. ज्वलनाच्या क्षणीं आंतील वायूंचें उष्णतामान दोन हजार अंश सेंटिग्रेडच्याही वर जातें. आणि दट्ट्या ज्या ॲल्युमिनियमचा केलेला असतो, तो धातु शुद्ध असतां ६६० अंशांवर वितळतो. मग दट्ट्या शाबूत कसा राहतो? सिलिंडरभोंवतीं सतत पाणी खेळत असतें आणि तें भिंतींतील उष्णता क्षणोक्षणीं वाहून नेतें, म्हणून.

रस्त्यावरील मोटर तेंच तें पाणी पुन्हां पुन्हां फिरविते, आणि तें निवविण्यासाठीं तिला पुढें रेडिएटर बाळगावा लागतो. होडीच्या यंत्राला ही दगदग नाहीं. सारें सरोवर हाच त्याचा रेडिएटर. पाण्यांत बुडालेल्या खालच्या भागास जाळीदार छिद्रें असतात. तेथून पाणी आंत येतें. थोडें वर, उभ्या दांड्यावर, एक लहानसें रबरी चक्र बसविलेलें असतें. त्याला पाकळ्या असतात, आणि तें ज्या वाटींत फिरतें तिच्या मध्यापासून जरा एका बाजूस सरकलेलें असतें. त्यामुळें पाकळ्या एकीकडे मिटतात व दुसरीकडे उघडतात. उघडतांना पाणी ओढतात, मिटतांना वर ढकलतात. वर गेलेलें पाणी सिलिंडरभोंवतींच्या पोकळ्यांतून फिरतें आणि धुराच्या वाटेनें पुन्हां सरोवरांत उतरतें. यंत्र वाजवीपेक्षां गार राहूं नये म्हणून थर्मोस्टॅट नांवाची एक झडप असते. ठराविक उष्णतामान येईतों ती वाट अडवून धरते.

त्यांतलीच एक बारीक धार यंत्राच्या मागील बाजूनें बाहेर उडत असते. अनुभवी नावाडी यंत्र सुरू होतांच प्रथम ती धार पाहतो. वैद्यानें नाडी पाहावी तसेंच हें आहे. धार बंद पडली, तर कोठें गवत वा चिखल अडकला आहे किंवा रबरी चक्र झिजलें आहे, असें समजून यंत्र तत्काळ थांबवावें. त्या रबराला पाणी हेंच वंगण असल्यामुळें कोरडें यंत्र क्षणभरही चालवूं नये. मिनिटाच्या आंत पाकळ्या करपून जातात.

आतां हिंवाळ्याकडे वळावयाचें. बहुतेक पदार्थ थंडीनें आंकसतात. पाणीही चार अंशांपर्यंत आंकसतें. त्याखालीं मात्र तें फुगूं लागतें, आणि गोठतांना त्याचें आकारमान शेंकडा नऊच्या सुमारास वाढतें. ह्या फुगण्यापुढें ओतीव धातूचें कवच टिकत नाहीं. उन्हाळाभर ज्या पाण्यानें यंत्र राखलें, तेंच पाणी आंत कोंडलें गेलें कीं त्याचें वैरी होतें.

सुदैवानें यंत्र उभें ठेवलें असतां सिलिंडरभोंवतींचें पाणी आपोआप खालीं उतरून जातें. म्हणून पहिला नियम हा कीं, यंत्र आडवें किंवा तिरपें न ठेवतां उभेंच ठेवावें. पुष्कळ यंत्रांत धूर पंख्याच्या पोकळ गाभ्यांतून बाहेर पडतो. असें यंत्र होडीवरच वर उचलून ठेवलें, तर त्या पोकळीची वाटी होते. तींत पाऊस व बर्फ सांचतो आणि गोठून भोंवतालचें कवच फोडतो.

याहून फसवी जागा खालच्या दंतचक्रांच्या पेटीची. ती तेलानें भरलेली असते. पण पंख्याच्या दांड्याभोंवतींचें रबरी कडें मासे धरण्याच्या दोऱ्यानें कापलें गेलें, तर तेथून पाणी हळूहळू आंत शिरतें, आणि तें आपोआप बाहेर येत नाहीं. म्हणून दर हिंवाळ्यापूर्वीं हें तेल काढून पाहावें. खालचा स्क्रू काढून मग वरचा काढला म्हणजे तेल वाहूं लागतें. पाणी तेलाहून जड असल्यामुळें असल्यास तेंच आधीं येतें. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तरी अर्थ तोच. कडें बदललें पाहिजे. नवें तेल खालून वर भरावें, म्हणजे आंत हवा कोंडत नाहीं. वरच्या छिद्रांतून तेल दिसतांच आधीं वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. वसंतापर्यंत हें काम टाकणारास बहुधा तेलाऐवजीं फुटकी पेटीच पाहावी लागते.

बाकीचीं कामें अर्ध्या दिवसाचीं आहेत. छिद्रांवर रबरी वाट्या लावून नळाचें पाणी सोडावें आणि यंत्र कांहीं वेळ चालवून आंतील गाळ धुऊन काढावा. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलें कीं चिकट होतें व कार्बुरेटरचीं बारीक छिद्रें बुजवितें. यास्तव तें टिकविणारें द्रव्य टांकींत घालून यंत्र दहाएक मिनिटें चालवावें, म्हणजे तें सर्वत्र पोहोंचतें. स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें व यंत्र हातानें दोनचार वेळां फिरवावें. भिंतींना गंज चढत नाहीं. बॅटरी काढून पूर्ण भरून ठेवावी. भरलेल्या बॅटरींतील आम्ल कडक थंडींतही गोठत नाहीं. रिकामीचें शून्याखालीं थोड्याच अंशांवर गोठतें. नव्या धर्तीच्या यंत्रांच्या बाबतींत कारखान्याच्या पुस्तिकेंतील सूचना प्रमाण मानाव्या.

एवढा खटाटोप केवळ दुरुस्तीचा खर्च वाचविण्यासाठींच आहे काय? नव्हे. एप्रिलांत बर्फ नुकताच सुटलेला असतो. ऊन पडलेलें पाहून लोक उत्साहानें होड्या लोटतात. परंतु पाणी अद्याप चारपांच अंशांचेंच असतें. त्यांत पडलेल्या माणसाचीं बोटें थोड्याच मिनिटांत निकामी होतात, आणि पोहतां येत असूनही त्याला होडीचा कांठ धरतां येत नाहीं. अशा वेळीं काठापासून दूर, वारा उठलेला असतां यंत्र बंद पडणें म्हणजे प्राणांशीं गांठ. शरदांत टाळलेलें अर्ध्या दिवसाचें काम तेथें आपला हिशेब मागतें.

आपल्या कोंकणांत बर्फाचें भय नाहीं. पण यंत्राचा विसांवा तेथेंही आहेच. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, होड्या वाळूवर ओढून शाकारल्या जातात, आणि पुढें नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा होते. येथें बर्फाची जागा मीठ घेतें. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. यंत्रांत राहिलेलें पाणी सुकून जातें, क्षार मागें उरतात. ते वाटा बुजवितात आणि पावसाळी हवेंतील ओल शोषून धातूला कुरतडीत राहतात. म्हणून होडी वर ओढण्यापूर्वीं यंत्रांतून गोडें पाणी भरपूर खेळविलें पाहिजे. तेल पाहण्याचा नियम दोन्हीकडे एकच.

सरोवर असो कीं सागर, तेथील पाणी वाहतें आहे तोंवर यंत्राचें रक्षण करतें. सांचून राहिलें कीं घात करतें. हें ओळखून जो हंगामाच्या शेवटच्या दिवशीं अर्धा दिवस देतो, त्याला पुढील हंगामाच्या पहिल्या दिवशीं ती बारीक धार उडतांना दिसते, आणि तो निश्चिंत मनानें होडी लोटतो. मात्र वल्हीं त्यानेंही बरोबर घ्यावीं.