रोझनवाल्ड शाळा : अल्प अनुदान आणि ग्रामस्थांचे श्रम



शाळेला खोली हवी असली म्हणजे पहिला प्रश्न पैशाचा निघतो, आणि तो बहुधा 'पैसा कोण देणार' या रूपाने निघतो. 'थोडा पैसा कसा द्यावा' हा प्रश्न त्याहून अवघड असूनही त्याचा विचार क्वचितच होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यांत १९१२ ते १९३२ या वीस वर्षांत त्याचा जो उलगडा झाला, तो ग्रामीण शिक्षकांनी जाणून घेण्याजोगा आहे.

तेथील कृष्णवर्णीय जनता १८६५ साली कायद्याने दास्यमुक्त झाली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हे शिक्षकवर्गास ठाऊक आहेच. मात्र मुक्तीनंतरच्या दोन पिढ्यांची हकीकत तितकीशी समाधानकारक नाही. गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या ठेवण्यात आल्या, आणि सरकारी तिजोरीतील पैशाचा मोठा वाटा गोऱ्यांच्या शाळांकडे जाऊ लागला. कृष्णवर्णीयांची मुले प्रार्थनामंदिरात किंवा एखाद्या पडक्या खोपटात बसत, आणि कापसाची वेचणी आली की शाळा ओस पडे.

ज्यूलिअस रोझनवाल्ड हे शिकागो येथील सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांचे स्वतःचे माध्यमिक शिक्षणही पुरे झालेले नव्हते. ऑगस्ट १९१२ मध्ये वयाची पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्यांनी जी दाने केली, त्यांत अलाबामा राज्यातील टस्केगी संस्थेला दिलेले २५,००० डॉलर होते. संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यातील थोडी रक्कम आसपासच्या सहा खेड्यांत शाळागृहे उभारण्यासाठी खर्च करण्याची अनुज्ञा मागितली. इमारतींचे तयार साहित्य कंपनीकडूनच पाठवावे असाही एक विचार पुढे आला होता. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो सोयीचाच होता, परंतु वॉशिंग्टन यांना तो रुचला नाही. लाकूड गावचे असावे, सुतार गावचा असावा आणि घाम गावाचा गळावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे जे काही घडले, त्याचे मूळ या आग्रहात आहे.

पहिली शाळा १९१३ साली लोचापोका या गावी उभी राहिली. तिचा हिशेब मुद्दाम पाहावा. एकंदर खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. त्यांपैकी रोझनवाल्ड यांचे ३०० डॉलर. गावातील गोऱ्या रहिवाशांचे ३६० डॉलर. आणि कृष्णवर्णीय ग्रामस्थांचे २८२ डॉलर ५० सेंट. या शेवटच्या रकमेतील १५० डॉलर जमिनीसाठी रोख जमवलेले होते. उरलेले १३२ डॉलर ५० सेंट म्हणजे त्यांच्या अंगमेहनतीची किंमत होय. श्रमदानाची किंमत जमाखर्चात रुपयाआण्यांप्रमाणे मांडणे ही गोष्ट लहान दिसते, पण ज्याच्यापाशी देण्यास हातांवाचून काही नाही, तोही त्यामुळे वर्गणीदार ठरतो.

अनुदानाचे नियम थोडे होते, पण ते कडक होते. ग्रामस्थांनी आपला वाटा आधी उचलावा. इमारत ठरलेल्या नमुन्याप्रमाणे पुरी व्हावी. आणि जमीन व इमारत सार्वजनिक शाळाखात्याच्या नावे करून द्यावी. हा शेवटचा नियम वरवर पाहता विचित्र वाटतो. स्वतःच्या कष्टाने बांधलेले घर, ज्यांनी आजवर उपेक्षा केली त्यांच्याच हवाली का करावे? परंतु एकदा शाळा सरकारदप्तरी चढली म्हणजे तिच्या शिक्षकाचा पगार व तिची डागडुजी हे सरकारचे कर्तव्य ठरे. देणगीदार आज आहे, उद्या नसेल. खाते मात्र राहणार.

इमारतींचे पहिले आराखडे टस्केगी येथील वास्तुशिल्पी रॉबर्ट टेलर यांच्या देखरेखीखाली तयार झाले आणि १९१५ साली ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी वॉशिंग्टन निवर्तले. खेड्यांत वीज नव्हती, म्हणून या शाळांना एकापुढे एक अशा उंच खिडक्यांची रांग असे, व शक्यतो ती पूर्वेस किंवा पश्चिमेस ठेवलेली असे. बाके अशी मांडत की प्रकाश मुलाच्या डाव्या बाजूने यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडू नये. दोन वर्गांमधील भिंत सरकवता येई. ती सरकवली की तेथेच गावची सभा भरे.

पैसा कसा जमे, याची एक हकीकत बोलिजी या गावची आहे. सभेत लोक एकामागून एक मेजापाशी येऊन खिसे रिते करीत होते. गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक वृद्ध उठला, त्याने एक मळकट पिशवी काढली आणि ती मेजावर उपडी केली. नाणी मोजली तेव्हा ३८ डॉलर भरले. ती त्याची जन्माची पुंजी होती. आपल्या नातवंडांच्या मुलांना संधी मिळावी, एवढेच त्याचे म्हणणे. इतरत्र शेतकरी कापसाचा एखादा तुकडा शाळेसाठी राखून ठेवीत, व त्याचे उत्पन्न बांधकामाकडे जाई.

रोझनवाल्ड १९३२ च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी बांधकामाची योजना थांबली. तोवर १५ राज्यांत ४,९७७ शाळा, २१७ शिक्षकनिवास आणि १६३ कर्मशाळा उभ्या राहिल्या होत्या. एकंदर खर्च २,८४,०८,५२० डॉलर. त्यात निधीचे ४३,६६,५१९ डॉलर, आणि कृष्णवर्णीय जनतेचे ४७,२५,८७१ डॉलर! कोट्यधीशाहून मजुराने अधिक दिले, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण येथेच एक शल्य आहे. हेच लोक करही भरीत होते. ज्या शाळेसाठी त्यांनी कर भरला, तिच्यासाठी त्यांना पुन्हा वर्गणी द्यावी लागली, आणि शेजारच्या गोऱ्या मुलांच्या शाळेला अशी दुहेरी भरपाई पडली नाही. लोकवर्गणीचे गोडवे गाताना ही बाजू झाकली जाऊ नये. खर्चातील मोठा वाटा, म्हणजे १,८१,०४,१५५ डॉलर, अखेर सरकारी तिजोरीतूनच आला ही गोष्ट खरी. परंतु तो बाहेर काढण्यासाठी वृद्धांना पिशव्या उपड्या कराव्या लागल्या, हीही गोष्ट तितकीच खरी.

या शाळांत शिकलेल्यांपैकी जॉन लुईस हे पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे अग्रणी झाले आणि १९८७ पासून २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत अमेरिकन संसदेचे सभासद होते. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर मुले हळूहळू एकत्रित शाळांत गेली आणि या इमारती रिकाम्या पडल्या; बऱ्याचशा कोसळल्या. २००२ साली त्यांची गणना देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या वारशात झाली. तेव्हापासून काही ठिकाणी जुन्या विद्यार्थ्यांनीच पुन्हा वर्गणी काढून खिडक्यांना तावदाने बसवली आहेत, आणि तेथे आता गावच्या सभा भरतात.