शाल, नारळ आणि पेन्शन
(माजी सैनिकांच्या सत्काराच्या ठरावावर जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



मघाशी ठराव वाचला गेला, की येत्या २६ जानेवारीला अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत गावोगावच्या माजी सैनिकांचा आपण सत्कार करावा. टाळ्याही वाजल्या. ठरावाला माझा विरोध नाही. पण तो मंजूर होण्याआधी मला थोडे बोलू द्या. सत्कार म्हटला की शाल येते, नारळ येतो, त्यामागून एखादा पुढारी येतो आणि 'जय जवान, जय किसान' म्हणून मोटारीत बसून निघून जातो. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली ही घोषणा दिली तेव्हा त्यांच्या मनात खोट नव्हती. पुढे मात्र ज्याला जवानालाही काही द्यायचे नाही आणि किसानालाही काही द्यायचे नाही, त्याला ती फार सोयीची झाली.

या सभेत मागच्या बाजूला सात-आठ जण फौजेतून परतलेले बसले आहेत. त्यांना विचारा, फौजेत काहून गेले होते? देशभक्ती होतीच. पण घरचे वावर कोरडवाहू, तीन भाऊ, आणि पऱ्हाटीचा हिशेब दर साली उणे, हेही होते. म्हणजे जवान आणि किसान हे दोन वेगळे लोक नाहीत. एकाच घरातला थोरला वावरात राहिला आणि धाकटा सरहद्दीवर गेला.

आता जवानाच्या नोकरीचा हिशेब मांडू. कारकून अठ्ठावन्न-साठ वर्षांचा होईपर्यंत पगार घेतो. जवानाला फौज तरुण लागते, म्हणून बहुतेक जवान पस्तीस ते चाळीसच्या आसपासच घरी येतात. लेकरे शाळेत, बहिणीचे लग्न बाकी, आणि पगार बंद. तिथून पुढची सारी मदार पेन्शनवर. माजी सैनिकांच्या संघटनांचे म्हणणे असे, की जवानाची पेन्शन पूर्वी शेवटच्या पगाराच्या ७० टक्के होती. तिसऱ्या वेतन आयोगानंतर १९७३ साली ती ५० टक्क्यांवर आली, आणि मुलकी नोकराची ३० वरून ५० वर गेली. शिवाय पूर्ण पेन्शनला ३३ वर्षांच्या नोकरीचा हिशेब. पंधरा-सतरा वर्षांत घरी पाठवलेल्या जवानाने ३३ वर्षे आणायची कुठून? त्या वेळी देशाचे अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते, जे चीनच्या लढाईनंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. १९७३ चे सांगत नाही. तेही सांगायला हवे.

पुढे दर वेतन आयोगानंतर आणखी एक घोळ वाढला. एकच हुद्दा, तितकीच नोकरी, पण जो आधी निवृत्त झाला त्याची पेन्शन कमी आणि नंतर निवृत्त झालेल्याची जास्त. १९६५ किंवा १९७१ ची लढाई लढलेल्या हवालदाराला, ज्याने एकही लढाई पाहिली नाही अशा नव्या हवालदारापेक्षा कमी पैसे. मागणी सरळ होती : समान हुद्दा, समान नोकरी, समान पेन्शन, मग निवृत्ती कोणत्याही तारखेची असो. १९९१ साली शरद पवार संरक्षणमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली यावर समिती बसली. त्यातून १ जानेवारी १९९२ पासून एकदाची वाढ मिळाली. 'एकदाची' हा शब्द सरकारचाच. वाढ पदरात पडली, तत्त्व राहूनच गेले. २००९ च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी पुन्हा १२ लाखांवर जवान आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांना वाढ दिली. तत्त्व पुन्हा बाजूला.

त्याच साली माजी सैनिक आपली पदके राष्ट्रपती भवनात परत करू लागले. रक्ताने सह्या केलेले निवेदनही दिले. राष्ट्रपतिपदावर तेव्हा प्रतिभाताई पाटील होत्या, १९९१ ते ९६ या काळात आपल्या अमरावतीच्या खासदार राहिलेल्या. छातीवरचे पदक काढून परत देणे म्हणजे काय, हे त्या सात-आठ जणांपैकी कुणी सांगितले तर बरे. मी शेतकीचा पदवीधर, मला ते सांगता यायचे नाही.

आता ज्या माणसाबद्दल मला बोलायचे आहे त्याचे नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. भगतसिंह कोश्यारी. होय, तेच, २०१९ ते २०२३ या काळात आपले राज्यपाल होते ते. शिवाजी महाराजांबद्दल ते जे बोलले त्याचा राग तुम्हाला आहे, मलाही आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवट असताना, अवकाळी पावसाने भिजलेल्या खरिपासाठी त्यांनी हेक्टरी ८,००० रुपये, आणि तेही दोन हेक्टरपर्यंतच, जाहीर केले होते. बोंडातच कोंब फुटलेल्या पऱ्हाटीला आणि काळ्या पडलेल्या ज्वारीला त्यात किती पुरले ते मी तुम्हाला सांगायला नको. पण माणसाने एखादे काम चोख केले असेल तर ते चोख म्हणावे. राज्यपाल होण्याच्या आधी ते राज्यसभेत उत्तराखंडचे खासदार होते, त्याच्याही आधी त्या राज्याचे मुख्यमंत्री. तिकडे डोंगरात फौजेशी नाते नसलेले घर शोधावे लागते.

राज्यसभेत एक याचिका समिती असते. ही कोर्टाची याचिका नव्हे. साध्या नागरिकाने संसदेकडे केलेला अर्ज. समान पेन्शनसाठी असा अर्ज आला आणि तो कोश्यारींच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे गेला. असे अर्ज वर्षानुवर्षे फाईलीत पडून राहतात, हे आपल्याला माहीत आहे. या समितीने माजी सैनिकांना बोलावून ऐकले, संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवले, आणि खर्च किती येतो तो आकडा काढून घेतला.

खात्याने तीन अडचणी सांगितल्या. पहिली पैशाची. दुसरी कारभाराची : जुने कागद २५ वर्षांनंतर नष्ट करतात, मग जुन्या लोकांचा हिशेब कसा करायचा? तिसरी कायद्याची : सैनिकांना दिले तर मुलकी नोकरही मागतील. कागदाची अडचण ऐकून मला हसू येते. दर महिन्याला पेन्शन देताना कागद सापडतो, वाढ द्यायची म्हटली की तोच कागद जळालेला असतो!

समितीचा अहवाल १९ डिसेंबर २०११ रोजी राज्यसभेत आला. त्यातला हिशेब नीट ऐका. निवृत्त झालेल्यांना समान पेन्शन द्यायला त्या वर्षी १३०० कोटी रुपये लागणार होते. त्यातले १०६५ कोटी जवान ते सुभेदार मेजर यांचे, आणि २३५ कोटी अधिकाऱ्यांचे. म्हणजे पाच रुपयांतले चार रुपये बिनअधिकारी माणसाच्या घरी जाणार होते. तोवर दिल्लीत असे भासवले जात होते, की ही जनरल आणि कर्नल लोकांची मागणी आहे. समितीने लिहिले, की एवढ्या मोठ्या देशाला ही रक्कम फार नाही, मागणी मान्य करावी. कोश्यारी तेव्हा विरोधी पक्षात होते, आणि समितीत सगळ्याच पक्षांचे सभासद होते. मला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. समान पेन्शन म्हणजे काय, याची व्याख्या त्या अहवालात एका वाक्यात लिहिली गेली. पुढे जो कुणी सरकारात आला त्याला त्या वाक्याचे उत्तर द्यावे लागले.

लगेच काही झाले नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, चिदंबरम यांनी ५०० कोटी ठेवले. सरकार बदलले, जुलैत जेटलींनी १००० कोटी म्हटले. तरी हुकूम निघेना. १५ जून २०१५ पासून माजी सैनिक जंतरमंतरवर उपोषणाला बसले. १४ ऑगस्टला, म्हणजे दुसऱ्या दिवशी लाल किल्ल्यावर झेंडा फडकायचा होता तेव्हा, पोलिसांनी त्या म्हाताऱ्या फौजींना तिथून उठवायला हात घातला. ५ सप्टेंबर २०१५ ला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी घोषणा केली, ७ नोव्हेंबरला हुकूम निघाला, लाभ १ जुलै २०१४ पासून.

इथे शेतकऱ्याने कान टवकारावेत. व्याख्येप्रमाणे नव्याची पेन्शन वाढली की जुन्याचीही आपोआप वाढायला हवी. हुकुमात आले, दर पाच वर्षांनी समान करू. मधली पाच वर्षे फरक राहिला तरी चालेल! माजी सैनिक सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ मार्च २०२२ ला न्यायालयाने सरकारचा हुकूम घटनेला धरून आहे असे सांगितले, आणि १ जुलै २०१९ ची फेररचना करून थकबाकी तीन महिन्यांत द्या म्हणून बजावले. तीन महिन्यांची मुदत लांबत लांबत गेली. शेवटी मार्च २०२३ मध्ये न्यायालयालाच तारखा बांधून द्याव्या लागल्या : आधी विधवांना, मग सत्तरीपुढच्यांना, आणि उरलेल्यांना २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत.

ही गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटली असेल. स्वामिनाथन आयोगाने उत्पादन खर्चावर ५० टक्के म्हटले. २०१८ च्या अर्थसंकल्पात ते मान्य झाले असे जाहीर झाले. पण खर्च धरताना स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज बाहेर ठेवले. तिथे 'तारीख' या शब्दाशी खेळ झाला, इथे 'खर्च' या शब्दाशी. आज विषय सैनिकांचा आहे, म्हणून एवढेच.

आता आपल्या गावात या. दर्यापूर तालुक्यातली एक म्हातारी मला भेटली, नवरा फौजेत होता. तिची कुटुंब पेन्शन सहा महिने बंद होती. नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात तिचे नाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे. पेन्शनचा कारभार 'स्पर्श' नावाच्या संगणक प्रणालीवर गेला, आणि संगणकाला ती दोन बाया वाटली. बँकेने कागद आणा म्हटले. कोणते कागद, ते कुणी सांगितले नाही. १५ ऑगस्टला तिचा शाळेत सत्कार झाला होता. शाल तिने घडी घालून ट्रंकेत ठेवली होती, मला काढून दाखवली. ग्रामपंचायतीने तिची घरपट्टी मात्र वसूल केली होती. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्या घराला ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ करण्याची योजना राज्य सरकारने २०२० मध्येच आणली आहे. हसन मुश्रीफ ग्रामविकास मंत्री होते तेव्हा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. तिच्या सरपंचाला ही योजना ठाऊक नव्हती. तुमच्यातले किती सरपंच इथे बसले आहेत, हात वर करा. आणि आता किती जणांनी ती अमलात आणली, ते हात वर ठेवा.

राहू द्या. मी मोजत नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत जिव्हाळ्याचा. जून २०२२ पासून फौजेत जवानाची भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षे नोकरी, मग शंभरातले पंचवीसपर्यंत कायम, बाकीचे घरी. घरी येताना सुमारे पावणेबारा लाख रुपये, त्यातला निम्मा भाग त्याच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, आणि चार वर्षांनी परतलेल्याला माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या, चार वर्षे कधी भरतात ते बोटांवर मोजा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनवर कर्तव्यावर असताना गेला. शेतकऱ्याचा पोरगा. अशा घराला विमा मिळतो, सानुग्रह रक्कम मिळते, ती लहान नाही. पण नियमित जवानाच्या आईबापाला किंवा बायकोला दर महिन्याला जी पेन्शन मिळते, ती या योजनेत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुएल ओराम अध्यक्ष असलेल्या संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने शिफारस केली, की कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या कुटुंबाइतकेच लाभ द्यावेत. ओराम सत्ताधारी पक्षाचेच. म्हणजे इथेही एका सभासदाने, एका समितीने, एक वाक्य लिहून ठेवले आहे. त्या वाक्याच्या पाठीशी आता कुणीतरी उभे राहायला पाहिजे.

म्हणून ठरावात मला दुरुस्ती सुचवायची आहे. सत्काराच्या आधी प्रत्येक तालुका शाखेने आपल्या गावांतल्या माजी सैनिकांची आणि विधवांची यादी करावी. घरपट्टीचे काय झाले, हयातीचा दाखला दिला का, नावात तफावत आहे का, एवढे विचारावे, आणि अडलेली प्रकरणे एकत्र करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्यावीत. यात पैसा लागत नाही, चपला झिजतात. आणि दुसरे, अग्निवीरांच्या कुटुंब पेन्शनसाठी आपण संसदेकडे अर्ज करावा. लोकसभेतही याचिका समिती आहे. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लागतो, मराठीत केला तर सोबत भाषांतर जोडावे लागते. तो मांडणाऱ्या खासदाराची त्यावर सही लागते. आपण तो अकोला, अमरावती आणि बुलढाणा इथल्या तिन्ही खासदारांकडे घेऊन जाऊ. पक्ष कोणता ते पाहायचे नाही. जो सही करील त्याचे नाव या पत्रकात छापू. जो टाळील त्याचेही छापू, आणि येत्या २६ जानेवारीला त्याला व्यासपीठावर खुर्ची द्यायची की नाही, ते गावाने ठरवावे.

मसुदा मी बाजूच्या टेबलावर ठेवला आहे, दोन पाने आहेत. ज्यांच्या घरचा पोरगा अग्निवीर आहे त्यांनी आधी वाचावा, काही सुटले असेल तर कडेला लिहावे. आपण सह्या त्यानंतर घेऊ.